मदत हवी आहे: गुरांच्या डॉक्टरने महागडं डायव्हर घड्याळ रोज कसं वापरावं?

नमस्कार मंडळी,

मी गुरांचा डॉक्टर. आर्वी तालुक्यात खासगी प्रॅक्टिस करतो. दवाखाना आहे, पण दिवस सगळा मोटरसायकलवर जातो, या गावच्या गोठ्यातून त्या गावच्या गोठ्यात. माझा मोठा भाऊ मर्चंट नेव्हीत इंजिनिअर होता. निवृत्त होऊन घरी आला तेव्हा त्याने आपलं ओमेगा सीमास्टर डायव्हर ३०० एम, म्हणजे ३०० मीटर पाण्याचा दाब सोसणारं पाणबुड्यांचं घड्याळ, माझ्या हातात ठेवलं. निळी तबकडी, तिच्यावर लाटांची नक्षी, ४२ मिलिमीटरची केस, स्टीलचा पट्टा. २०१८ नंतरचं मॉडेल आहे, आत ८८०० कॅलिबर, म्हणजे त्या क्रमांकाचं यंत्र. देताना अट एकच घातली, कपाटात ठेवायचं नाही.

मलाही कपाटात ठेवायचं नाही. बायकोचं मत वेगळं आहे. लग्नकार्याला घाला, पोळ्याला घाला, पण गोठ्यात नको, असं ती म्हणते, आणि तिचं म्हणणं अगदीच चूक आहे असंही नाही. या घड्याळाच्या किमतीत आमच्याकडे चार-पाच चांगल्या मुऱ्हा म्हशी येतात. पण गेले काही महिने हे घड्याळ मनगटावर असताना मला ते जितकं कामाचं वाटलं, तितकं आधीचं एकही वाटलं नव्हतं. ते कसं, हे आधी सांगतो, म्हणजे माझा प्रश्न नीट कळेल.

मागे एका रात्री एका शेतकऱ्याची व्यायलेली म्हैस खाली बसली होती. मान वळवून कुशीवर टाकलेली, कान गार, दूध-ज्वराचं नेहमीचं चित्र. लाइट गेलेली. मुलाने मोबाइलचा उजेड शिरेवर धरला होता, तो हलवता येईना. कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यायची म्हणजे घाई चालत नाही, वेगात गेलं की हृदय थांबतं. मी सलाइन सुरू करताना बेझल, म्हणजे काचेभोवतीची फिरती कडी, फिरवून त्यावरचा ठिपका मिनिटकाट्यासमोर आणला. या घड्याळात मिनिटकाटा आणि बेझलवरचा ठिपका हिरवे चमकतात, बाकीचं सगळं निळं. पाणबुड्याला गढूळ पाण्यात एका नजरेत किती मिनिटं झाली ते कळावं म्हणून केलेली सोय आहे ती. मला ती मिट्ट अंधाऱ्या गोठ्यात उपयोगी पडली. एका कानाला स्टेथोस्कोप, नजर त्या दोन हिरव्या खुणांवर. बाटली संपता संपता म्हशीने ढेकर दिली आणि थोड्या वेळाने उठून उभी राहिली.

कृत्रिम रेतनातही तेच. द्रवरूप नायट्रोजनच्या कंटेनरमधून गोठवलेल्या वीर्याची नळी, म्हणजे स्ट्रॉ, काढली की ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची, कमी नाही, जास्त नाही. मोबाइल त्या वेळी खिशातून काढायला हात रिकामा नसतो. शेपटीखालची नाडी मोजायची, कुशीची हालचाल बघून श्वास मोजायचा, सगळ्याला सेकंदकाटा लागतो. वडिलांचं एचएमटी जनता मी शिकत असताना याच कामाला वापरलं. ते रोज सकाळी चावी देऊन चालायचं आणि पाण्याच्या थेंबालाही घाबरायचं.

आता अडचणी.

पहिली आणि मोठी म्हणजे काढणं-घालणं. वासरू अडलं असेल, तपासणी करायची असेल, तर खांद्यापर्यंत हात आत जातो. तेव्हा दोन्ही मनगटं मोकळीच हवीत, यावर माझ्या मनात काही शंका नाही. ब्रुसेला, म्हणजे जनावरांकडून माणसाला लागणारा आजार, हा आमच्या धंद्यातला खरा धोका आहे, आणि पट्ट्याच्या कड्यांत काय काय अडकून बसेल ते सांगता येत नाही. पण काढलेलं घड्याळ ठेवायचं कुठे? शर्टाच्या खिशातून वाकलं की पडतं. पॅन्टच्या खिशात सुया, कात्री, चाव्या. गोठ्यात कुटाराच्या ढिगावर ठेवलं आणि वासरू बाहेर आल्याच्या आनंदात विसरलो तर? शेतकऱ्याच्या हातात द्यावं तर त्या माणसावर उगाच जोखीम टाकल्यासारखं होतं.

दुसरी अडचण औषधांची. दिवसातून कितीतरी वेळा हात धुतो. साबण, पोव्हिडोन आयोडीन, पोटॅशियम परमँगनेट, कधी फिनाइल. हे सगळं स्टीलला आणि आतल्या रबरी सीलला सोसेल का? ३०० मीटर हा आकडा वाचून निर्धास्त राहावं की नाही, हे मला कळत नाही. शिवाय आमचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, मोटरसायकलवर घड्याळ तव्यासारखं तापतं, आणि गोठ्यात पोचल्याबरोबर मी विहिरीच्या गार पाण्यात हात घालतो.

तिसरी, नायट्रोजन. कंटेनरचं झाकण काढलं की वाफ मनगटावरून जाते. उणे १९६ अंशांचा पदार्थ आहे.

चौथी, माझ्या बॅगेत गाईला गिळवायची लोहचुंबकं असतात, तार-खिळा खाल्लेल्या जनावरासाठी. ती घड्याळाजवळ आली तर चालतं का?

आणि शेवटची गोष्ट तांत्रिक नाही, पण मनात आहे. माझे शेतकरी कापूस-सोयाबीनवाले. एखाद्या साली भाव पडले की माझी फी पुढच्या हंगामावर जाते, आणि मी ती मागत नाही. अशा माणसाच्या गोठ्यात मी हे घालून उभा राहतो. किंमत कुणाला माहीत नाही. तरी कधी कधी बाही खाली ओढावीशी वाटते. कुणी अशा परिस्थितीत रोज घालत असेल तर अनुभव सांगा.

– गवळाऊ_डॉक्टर

जुनी_चावी यांचं उत्तर:

डॉक्टरसाहेब, घड्याळ दुरुस्तीत माझं आयुष्य गेलं. क्रमाने सांगतो.

३०० मीटर म्हणजे ३० बार दाबाची चाचणी. नळाचं, विहिरीचं, पावसाचं पाणी त्याच्या खिजगणतीत नाही. पण ती चाचणी नव्या सीलवर झालेली असते. सील म्हणजे रबराची बारीक कडी, आणि रबर म्हातारं होतं. गरम पाणी, साबण आणि रसायनं त्याला लवकर म्हातारं करतात. तेव्हा औषधाने हात धुतल्यावर घड्याळावरून साधं स्वच्छ पाणी सोडा आणि पुसा. आयोडीन आणि ब्लीचिंगचं पाणी स्टीलवर वाळू देऊ नका, त्याने बारीक खड्डे पडतात. आठवड्यातून एकदा मऊ टूथब्रश आणि साबणाच्या कोमट पाण्याने पट्ट्याच्या कड्या घासा. त्याआधी चावी पूर्ण आवळली आहे ना, ते बघा. डायव्हर घड्याळांत पाणी शिरलेलं मी पाहिलंय ते बहुतेक वेळा तारीख लावून चावी उघडी राहिल्यामुळे.

तबकडीवर दहा वाजतात त्या बाजूला दुसरी एक छोटी चावी आहे. तो हेलियम व्हॉल्व्ह. समुद्राखाली कित्येक दिवस हेलियम मिसळलेल्या हवेत राहणाऱ्या पाणबुड्यांसाठी असतो. तुम्हाला त्याचं काही काम नाही. आवळलेला ठेवा आणि त्याच्या खोबणीतली घाण ब्रशने काढत जा.

उन्हातून गार पाण्यात हात घातल्यावर काचेला आतून धुकं येतं का, एवढं बघा. घरी करायची परीक्षा अशी: घड्याळ अंगाच्या उबेत असताना काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवा, मिनिटभराने पुसा. आतून वाफ धरली आणि रेंगाळली, तर आत ओल आहे, मग एक दिवसही थांबू नका. काहीच दिसलं नाही तरी वर्षातून एकदा दाबाची चाचणी करून घ्या. कोरडी चाचणी हवेच्या दाबावर होते, घड्याळ उघडावं लागत नाही, काही मिनिटांचं काम आहे.

चुंबकाची काळजी तुमच्या घड्याळापुरती सोडून द्या. ८८०० कॅलिबरमध्ये हेअरस्प्रिंग, म्हणजे घड्याळाची चाल ठरवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग, सिलिकॉनची आहे आणि १५,००० गॉसपर्यंत त्याची परीक्षा झालेली असते. वडिलांचं एचएमटी मात्र त्या बॅगेजवळ नेऊ नका. त्याची स्प्रिंग चुंबकली की वळसे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ दिवसाला कितीतरी मिनिटं पुढे पळतं.

आणि एक कळकळीचं सांगणं. बाजारातल्या कुणाकडूनही मागचं झाकण उघडून घेऊ नका, माझ्यासारख्याकडूनही नाही. योग्य हत्यार नसताना झाकण उघडलं की सील तिरपं बसतं, आणि पाच वर्षांच्या वॉरंटीत असाल तर तीही जाते. सर्व्हिस पाच ते आठ वर्षांनी, कंपनीच्या अधिकृत केंद्रातच. तिथे पॉलिश करून देऊ का विचारतील, नको म्हणा. प्रत्येक पॉलिशला थोडं स्टील जातं आणि केसच्या कडा बोथट होतात.

रेतन_केंद्र यांचं उत्तर:

सर, मी तुमच्याच लाइनमधला. नायट्रोजन हाताळताना घड्याळ आणि अंगठी दोन्ही काढायची, हा नियम घड्याळासाठी नाही, तुमच्या कातडीसाठी आहे. थेंब उघड्या हातावरून घरंगळून जातो, पण पट्ट्याखाली अडकला तर तिथेच बसतो आणि गारठलेलं स्टील कातडीला चिकटतं. वाफेने घड्याळाला लगेच काही होणार नाही, मात्र इतक्या थंडीत रबर कडक होऊन आक्रसतं, तेव्हा कंटेनरच्या तोंडाशी ते नकोच. मी स्ट्रॉ धरायच्या कोमट पाण्याच्या थर्मासच्या झाकणाला कड्याने माझं घड्याळ अडकवतो. ३० सेकंद तिथूनच मोजतो.

ठेवण्याबद्दल: स्टीलचा पट्टा घरी ठेवा आणि कामाला नायलॉनचा एकसंध पट्टा लावा, ज्याला नाटो पट्टा म्हणतात. ब्रिटिश सैन्यासाठी १९७३ मध्ये त्याचा नमुना ठरला. तो पट्टा धरणाऱ्या दोन्ही पिनांखालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ पडत नाही. तुमच्या मॉडेलला २० मिलिमीटर रुंदीचा लागेल. मुख्य फायदा म्हणजे काढलं की बॅगेच्या किंवा ॲप्रनच्या कड्यात बक्कल लावून टाकता येतं. रात्री पट्टा काढून जंतुनाशकात भिजवा, धुवा, वाळवा. दोन-तीन पट्टे ठेवा.

काया_मातीवाला यांचं उत्तर:

डॉक्टरसाहेब, मी घड्याळातलं काही जानत नाही, कास्तकार हाय. तुमच्या शेवटच्या गोष्टीसाठी लिवून राह्यलो.

आमच्या गावात एक डॉक्टर येत होते. त्यायच्या हातात साधं पट्ट्याचं घड्याय होतं, पन रात्री फोन लावला का बंद. दुसरे आले ते कारनं येतात, हातात काय हाय मले आजवर ठाव नाही, कारन ते आले का माही नजर गाईवर असते. माह्या गवळाऊ गाईचं वासरू आडवं आलं होतं तवा त्यायनं पहाटपर्यंत हात काढला नाही. त्यायनं सोन्याचं घातलं असतं तरी मले चाललं असतं. बाही खाली ओढू नका जी. भावानं देल्लं हाय ना, घाला.

फक्त एक करा. किंमत कोनी विचारली तर भावाची भेट हाय एवढंच सांगा. ते खरंही हाय, आन् रात्री एकल्या रस्त्यानं फिरता तुमी, तर बरंही हाय.

हिशेबनीस यांचं उत्तर:

शेवटच्या मुद्द्याला जोडून. भावाकडून मूळ बिल आणि वॉरंटी कार्ड मागून घ्या. घड्याळाच्या केसवरचा सिरीयल क्रमांक वहीत लिहून ठेवा, फोटो काढा. घराच्या विम्यात मौल्यवान वस्तूंसाठी वेगळी भर घालता येते. घराबाहेर हरवलं किंवा चोरीला गेलं तरी भरपाई मिळते का, हे पॉलिसीत वाचूनच सही करा. काही पॉलिसी फक्त घरातल्या वस्तूपुरत्या असतात, आणि तुमचं घड्याळ तर घरात कमीच असणार.

गवळाऊ_डॉक्टर:

सगळ्यांचे मनापासून आभार. थेंबाची परीक्षा आजच केली, काच आतून स्वच्छ राहिली. २० मिलिमीटरचे दोन नायलॉन पट्टे मागवले आहेत, एक काळा, एक खाकी. थर्मासची युक्ती उद्या सकाळी वापरतो, एक गाय आज सकाळी माजावर आलेली होती, तिचं रेतन आज संध्याकाळीच करून आलो, पण उद्याची यादी तयार आहे. बिलासाठी भावाला फोन केला. त्याने विचारलं, ओरखडे पडले का? पडले म्हटलं. तर म्हणाला, बरं झालं.

काया_मातीवाला दादा, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. तिने गोठ्यात घालायला होकार दिला आहे, बाळंतपणाची केस सोडून, आणि ते तर माझंही तेच म्हणणं होतं.

आता एवढंच राहिलं: नागपूरला अधिकृत ठिकाणी कोरडी दाब-चाचणी कुणी अलीकडे करून घेतली आहे का? त्याच दिवशी घड्याळ परत मिळतं की ठेवून घेतात? पावसाळ्याआधी करून घ्यायची आहे, एकदा लसीकरणाच्या फेऱ्या सुरू झाल्या की मला नागपूरला जाणं जमत नाही.