नैरोबी आणि पुढे: आपापले किस्से लिहा

मीठभाकर:
काल माळा आवरताना जुन्या पासपोर्टातून पिवळं कार्ड पडलं. यलो फीवरच्या लशीचं. २०१८ची केनियातली नैरोबी डोळ्यांपुढे आली! लस निघायच्या किमान दहा दिवस आधी टोचायला लागते, हे आम्हाला बारा दिवस उरले तेव्हा कळलं. नवरा पहाटे पाचला रांगेत, मी घरी देव पाण्यात घालून. परतताना मुंबईत कार्ड खरंच मागितलं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत अडकवून ठेवतात. आता भाचा निघालाय जुलैत. नैरोबी, मसाई मारा अभयारण्य, मोंबासा. लिहा बघू.

आळशी_बोका:
स्वेटर!! आफ्रिका म्हणून आम्ही नुसतं कॉटन नेलं. नैरोबी महाबळेश्वरपेक्षा उंच आहे हो. सासूबाई तीन दिवस माझ्या जीन्सच्या जाकिटात

खिडकीची_सीट:
मोंबासाला ट्रेननेच जा, पाच-सहा तास. स्टेशनवर सगळ्यांच्या बॅगा ओळीने ठेवून कुत्र्याकडून हुंगवतात. आमच्या मेतकुटापाशी तो जरा जास्तच रेंगाळला, माझे पाय लटपटले. पुढे त्सावो राष्ट्रीय उद्यानात लाल हत्ती, तिथल्या मातीत लोळून लाल झालेले. ही लाईन २०१७ची. जुनी १८९६ ते १९०१मध्ये झाली, मजूर बहुतेक हिंदुस्थानातून नेलेले. कित्येक तिथेच गेले. खिडकीतून बघताना ते मनातून जात नाही.

पमाकाकू:
मेतकूट घरचं का? प्रमाण द्या ना

भटक्या (सहकुटुंब):
माराचं तिकीट बघून ठेवा. परदेशी माणसाला जूनपर्यंत दिवसाला १०० डॉलर, जुलैपासून २००. आम्ही नदीकाठी चार तास गाडीत. विल्डेबीस्ट (गाईएवढी रानटी हरणं) नदी ओलांडायला हजारांनी उभे, आणि पंगतीत पहिलं कोण बसणार तसं चाललेलं, तुम्ही व्हा पुढे, नाही तुम्ही. एकाने पाय बुडवला, शिंकला, सगळे मागे फिरले! बायको अजून म्हणते ८०० डॉलरची शिंक. (चौघं होतो.)

आळशी_बोका:
😂😂 शिंक वसूल

शेवंती_म्हापसा:
मोंबासाचा फोर्ट जीझस चुकवू नको म्हणावं. पोर्तुगीजांनी १५९३त बांधायला घेतला, हुकूम आमच्या गोव्यातून सुटायचे. आजोबा नैरोबीत कारकून होते. म्हातारपणी दुकानाला दुकाच म्हणायचे, आणि कांदा-टोमॅटो चिरला की कचुंबारी. आम्हाला वाटायचं आजोबा बोबडे बोलतात. ते स्वाहिली होतं, हे ते गेल्यावर समजलं.

मीठभाकर:
शेवंती, किती गोड गं.
भाच्याला सगळं वाचून दाखवलं. स्वेटर नको म्हणतो, फोटोत जाड दिसतो म्हणे. व्हिसा २०२४पासून गेला, आता ऑनलाइन ईटीए (प्रवासाची आगाऊ परवानगी) भरायचा, तो भरलास का विचारलं तर 'आज रात्री'. गेले आठ दिवस आज रात्रीच चाललीये.

खिडकीची_सीट:
कॅरीबॅगा नेऊ देऊ नका, तिथे बंदी आहे. आमच्या चकल्या शेवटी उशीच्या अभ्र्यात गेल्या.
पमाकाकू, मेतकूट आईचं. फोन करून विचारते, आत्ता कुकर लावलाय