रॉनी कोलमनची पाठ कुणी मोडली?

लोखंडवेडा (धागाकर्ता)

आमच्या जिममध्ये आरशाच्या वर शरीरसौष्ठवपटू रॉनी कोलमनचा मोठा फोटो लावलाय. परवा एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा त्याच फोटोखाली बसून मोबाइलवर रॉनीचा अलीकडचा व्हिडिओ बघत होता. त्यात कुबड्या, मग चाकाची खुर्ची. मला म्हणाला, "दादा, हा तोच का?" मी हो म्हणालो. पुढे काय बोलावं ते सुचलं नाही, म्हणून इथे लिहितोय.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी. जन्म १९६४, अमेरिकेतल्या लुइझियानाचा. ग्रॅम्बलिंग विद्यापीठातून अकाउंटिंगची पदवी घेतली, पण त्या कामाची नोकरी मिळेना, म्हणून पिझ्झाच्या दुकानात राबला. मग टेक्सासमधल्या आर्लिंग्टनला पोलिसात लागला. तिथल्या मेट्रोफ्लेक्स जिमच्या मालकाने त्याचं शरीर बघून सांगितलं, मिस्टर टेक्सासची तयारी करणार असशील तर फी नको. १९९० ला त्याने ती स्पर्धा मारली. मिस्टर ऑलिंपिया म्हणजे व्यावसायिक शरीरसौष्ठवातली सगळ्यात मोठी स्पर्धा. १९९७ ला तिच्यात नववा आला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये पहिला. नाव पुकारलं तेव्हा स्टेजवरच कोसळून रडला. तिथून २००५ पर्यंत सलग आठ वर्षं किताब त्याच्याकडे. आणि त्यातली कितीतरी वर्षं तो पोलिसाची ड्युटीही करत होता! मला त्याच्याबद्दल आजही तेवढाच आदर आहे, हे आधीच सांगतो.

आता दुसरी बाजू. मणक्याच्या आणि खुब्यांच्या मिळून डझनाहून जास्त शस्त्रक्रिया. पाठीत सळ्या आणि स्क्रू, दोन्ही खुबे बदललेले. २०२५ मध्ये सेप्सिस (जंतुसंसर्ग अंगभर भिनणं) होऊन रुग्णालयात होता, त्यातून वाचला.

माझं म्हणणं असं की रॉनीची पाठ वजनांनी मोडली, पण ती वजनं त्याच्या खांद्यावर परीक्षकांनी ठेवली. १९७७ ते ७९ सलग तीनदा ऑलिंपिया जिंकणारा फ्रँक झेन स्टेजवर साधारण ८४ किलोचा होता. २००३ चा रॉनी १३० किलोचा. माणसाचा सांगाडा तर तोच आहे. आकाराला बक्षीस द्यायचं परीक्षकांनी ठरवलं, स्टेरॉइडसारख्या औषधांशिवाय तो आकार येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी ऑलिंपियाच्या दारात नेमाने तपासणी होत नाही. २०१६ पासून 'क्लासिक फिजिक' गटात उंचीनुसार वजनाची मर्यादा आहे. तीच मर्यादा ओपन गटाला, म्हणजे रॉनीच्या बिनमर्यादेच्या गटाला, लावा. एवढी साधी मागणी आहे.

पन्हाळ्याचा वाघ

दादा, नाही पटलं.

रॉनीला कुणी बंदूक लावून बारखाली उभं केलं नव्हतं. ८०० पौंडांचा, म्हणजे ३६३ किलोचा स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक) त्याने दोनदा मारला, तो स्वतःच्या हौसेने. स्टेजवर कुणी स्क्वॉट बघत नाही, तिथे फक्त शरीर दिसतं. पश्चात्तापाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला की पश्चात्ताप एकच, ते दोनऐवजी चार मारायला हवे होते. ज्याची पाठ आहे तो असं म्हणतोय आणि आपण त्याला बिचारा ठरवतोय. हा त्याचा अपमान नाही का?

दुसरं असं की त्याच काळात त्याच स्टेजवर जे कटलर होता. २००६ ला त्यानेच रॉनीला हरवलं. तो आज व्यवस्थित चालतो-फिरतो. औषधांनी पाठी मोडत असत्या तर त्याचीही मोडायला हवी होती. आमच्याकडे तालमीत मान आखडलेले, गुडघे गेलेले, कान फुटलेले जुने पैलवान शेकड्याने भेटतील. त्यांची कुस्ती बंद करा असं कोल्हापुरात कुणी म्हणून दाखवावं.

हृदयविकारवाला

मी हृदयाचा डॉक्टर आहे, रोज ईसीजी बघणारा. दोन वेगळे प्रश्न इथे एकात मिसळलेत.

वाघसाहेबांचं पाठीबद्दलचं म्हणणं बरंचसं बरोबर आहे. चकती सरकली ती भाराने. फक्त एक भर घालतो. स्टेरॉइडवर स्नायूंची ताकद झपाट्याने वाढते, पण स्नायूला हाडाशी बांधणारे कंडरे आणि मणक्यातल्या चकत्या त्या वेगाने तयार होत नाहीत. ट्रकचं इंजिन रिक्षाच्या चासीवर बसवल्यासारखं होतं. म्हणजे औषधं त्या दुखापतीत अगदीच नव्हती असंही म्हणता येणार नाही.

पण पाठ मोडलेला माणूस निदान जिवंत असतो. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या गोष्टीची. चांगलं कोलेस्टेरॉल तळाला जातं, रक्त घट्ट होतं, रक्तदाब चढतो, हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. यातलं काहीच आरशात दिसत नाही, उलट माणूस तेव्हा सगळ्यात देखणा दिसत असतो. २०२५ मध्ये 'युरोपियन हार्ट जर्नल'मध्ये एक अभ्यास आला. त्यात स्पर्धेत उतरलेल्या २०,२८६ पुरुष शरीरसौष्ठवपटूंची नोंद तपासली होती. १२१ मृत्यू सापडले, मरतानाचं सरासरी वय ४५. त्यातले ३८ टक्के मृत्यू अचानक हृदय थांबून झालेले. व्यावसायिकांमध्ये अशा मृत्यूचा धोका हौशींपेक्षा पाच पटींहून जास्त.

आणि स्पर्धेच्या आधी 'पाणी काढणं'! लघवीच्या गोळ्यांनी शरीरातलं पोटॅशियम बिघडलं की हृदयाचे ठोके चुकतात. मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये नेदरलँड्समधली स्पर्धा जिंकल्यावर काही तासांत गेला. ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर १९९६ मध्ये, वय फक्त ३१, एकामागून एक अवयव निकामी होऊन. दोघांचीही कातडी कागदासारखी पातळ दिसायची, आणि त्या कातडीसाठीच टाळ्या पडायच्या.

कटलर ठीक आहे, याचा आनंद आहे. पण जे गेले ते मुलाखती द्यायला येत नाहीत.

गिरणगावातला

परळमध्ये पंचवीस वर्षं मुलं घडवतोय. धागाकर्त्या दादांचं मन चांगलं आहे, पण वजनमर्यादेचा उपाय मी तरी हाणून पाडणार.

आपल्याकडे मुंबई श्री असो, जिल्हा श्री असो, ५५ किलो, ६० किलो, ६५ किलो असे गट पहिल्यापासून आहेत. म्हणजे मर्यादा आहेच. म्हणून स्टेरॉइडच्या सुया थांबल्या का? ५५ किलोचा पोरगा, दिवसा कुरिअर वाटतो, महिन्याची कमाई तुम्हाला ठाऊक आहे, आणि तो कर्ज काढून 'कोर्स' करतो. का, तर वजन तेवढंच ठेवून समोरच्यापेक्षा जास्त कटिंग, म्हणजे कातडीखाली स्नायूंच्या रेघा, दिसलं पाहिजे. मर्यादा घातली की आकाराची शर्यत थांबते आणि सुकवण्याची सुरू होते. डॉक्टरांनी सांगितलेली दोन्ही माणसं सुकवण्यातच गेली ना!

आणि आता नवीन भूत आलंय. मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन. भूल दिल्यावर ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब घसरला तर तो वर आणायला वापरायचं औषध. पोरं व्यायामाच्या आधी 'जोर येतो' म्हणून शिरेत मारतात. पुण्यात पोलिसांनी त्याच्या विक्रीवर कारवाया केल्या आहेत. ज्याला ऑलिंपिया म्हणजे काय हेही धड माहीत नाही असा मुलगा हे घेतोय. त्याला रॉनीने नादाला लावलं नाही, न्यूयॉर्कच्या परीक्षकांनीही नाही. त्याला सुई दिली ती जिमच्या दारातल्याच कुणीतरी.

माझ्याकडे आलेल्या प्रत्येकाला मी मनोहर आईच यांचा फोटो दाखवतो. कलकत्त्याचा पाच फुटांहून कमी उंचीचा माणूस, १९५२ चा मिस्टर युनिव्हर्स, २०१६ मध्ये शंभरी ओलांडून गेला. मुलं बघतात, हात जोडतात, आणि विचारतात, "सर, पण दंड किती इंच होता?"

लोखंडवेडा

गिरणगावातले काका, ५५ किलोचं उदाहरण वाचून गप्प झालो. वजनाचा मुद्दा मागे घेतो. जिल्ह्याच्या स्पर्धा मी बघत आलोय, तरी हे डोक्यात आलं नव्हतं.

पण आयोजकांना मी सोडणार नाही. १९९० मध्ये अमेरिकेत तपासणी करून पाहिली होती. त्या वर्षी अर्नोल्ड क्लासिक ही मोठी स्पर्धा जिंकलेला शॉन रे चाचणीत सापडला आणि किताब माइक ॲशलीला गेला. म्हणजे तपासता येतं, पकडता येतं, किताब काढूनही घेता येतो. पण ते टिकवलं नाही, कारण प्रेक्षकांना अवाढव्य माणसं बघायची होती. वाघदादा, कुस्तीशी तुलना इथे तुटते. कुस्तीत मान मोडू नये म्हणून नियम आहेत, पंच शिट्टी मारतो. इथे शिट्टी मारायला कुणी उभाच नाही.

पन्हाळ्याचा वाघ

शिट्टीचा मुद्दा मान्य. पण तपासणी कडक केली तर काय होईल ते सांगतो. तपासणीत न सापडणारी औषधं श्रीमंतांना मिळतील, गरीब पोरगं मात्र सापडेल आणि दोन-चार वर्षं बाहेर बसेल. भारतात नाडाच्या (उत्तेजक औषधं तपासणारी सरकारी संस्था) यादीत शरीरसौष्ठवपटूंची नावं येतात, त्यातली बहुतेक आपल्यासारख्या घरांतलीच असतात. विकणाऱ्याचं नाव त्या यादीत कधी वाचलंय का?

आणि खरं बोलायचं तर मीही स्टेरॉइडच्या दोन सायकल, म्हणजे दोन कोर्स, मारल्यात. लपवत नाही. मोठा माणूस आहे, माझा देह, माझा निर्णय.

धाकटी बहीण

मी व्यायामातली नाही. भावामुळे हा धागा वाचला.

"माझा देह, माझा निर्णय" हे वाक्य आमच्या घरात रोज ऐकलंय. दादाचे दंड वाढले तेव्हा आईला अभिमान वाटायचा, शेजारणींना फोटो दाखवायची. मग पाठभर पुरळ आलं. मग चिडचिड इतकी की एकदा ताट भिंतीवर फेकलं. लग्नानंतर तीन वर्षं मूल नाही, आणि सगळे वहिनीलाच दवाखान्यात नेत होते. तिच्या सगळ्या तपासण्या झाल्यावर कुणीतरी दादाची करायला सांगितली. शुक्राणू शून्य. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आम्हाला पहिल्यांदा कळलं. त्याने सुया सोडल्या, तर सहा महिने अंथरुणातून उठायचा नाही, रडायचा. त्या काळात जिममधलं कुणी फिरकलं नाही.

वाघदादा, तुमच्याशी भांडायचं नाही. फक्त निर्णय तुमचा असला तरी वहिनीने जी तीन वर्षं बोलणी खाल्ली, ती तिने ठरवली नव्हती.

गिरणगावातला

ताई, जिममधलं कुणी फिरकलं नाही हे वाचून मान खाली गेली. माझ्याही ओळखीत असे दोघे आहेत. मुलं यायची बंद झाली की आम्ही म्हणतो, फी परवडत नसेल. उद्या फोन करतो दोघांना.

पन्हाळ्याचा वाघ

ताई, सॉरी. वहिनींचं वाचलं.

रॉनीबद्दलचं मत बदललेलं नाही. तो म्हणतो पश्चात्ताप नाही, तर मी त्याचा शब्द मानणार.

डॉक्टर, एक विचारायचं होतं. दुसरी सायकल संपून चार महिने झाले. मध्यंतरी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, तो किडनीसाठी बघतात तो आकडा, जास्त आलं. ट्रेनर म्हणाला, स्नायू जास्त असले की येतंच, लक्ष देऊ नको. खरं आहे का?

हृदयविकारवाला

अर्धं खरं आहे, म्हणूनच फसवं आहे. स्नायू भरपूर असले, मांसाहार जास्त असला, क्रिएटिनची पावडर घेत असलात तर आकडा थोडा वर दिसतो. पण किडनी खरंच बिघडत असली तरी हाच आकडा वर जातो, आणि नुसत्या क्रिएटिनिनवरून दोन्हीतला फरक कळत नाही. सिस्टॅटिन-सी म्हणून तपासणी असते, तिच्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही. ती करा, सोबत लघवीतलं प्रोटीन तपासा. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट, लिपिड, टेस्टोस्टेरॉनही बघून घ्या. रक्तदाब मोजा. आणि २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या, ईसीजी नॉर्मल आला म्हणून टाळू नका.

काय काय घेतलं होतं ते तिथल्या डॉक्टरांना नावानिशी सांगा. ओरडतील कदाचित, तरी सांगा. रिपोर्ट आले की मला निरोप करा.