अकरावी फोड
फिनलंडमध्ये गृहपाठ कमी असतो, म्हणून आपणही तो कमी करावा, असे शाळा सुधारण्याच्या चर्चेत सुचवले जाते. परंतु तेथे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी आवश्यक आहे. ती बाजू सोडून केवळ गृहपाठापुरते अनुकरण करणे मला पटत नाही.

मला जपानमधील ‘जुग्यो केनक्यू’ (पाठाचा अभ्यास) ही पद्धत अधिक जवळची वाटते. तीत काही शिक्षक मिळून एका पाठाची आखणी करतात, एक जण तो शिकवतो, इतर जण त्याच्याकडे नव्हे तर मुलांच्या वह्यांकडे बघत राहतात, आणि नंतर चर्चा होते ती पाठाची, शिकवणाऱ्याची नव्हे. (आपल्याकडची तपासणी नेमकी उलट चालते.)

आम्ही चौघांनी नागपुरातील आमच्या शाळेत पाचवीच्या अपूर्णांकांसाठी हे करून पाहिले. मी संत्री सोलायला देऊन एक दशांश समजावत होतो. मागे उभ्या असलेल्या बाईंनी टिपले की, एका मुलीच्या संत्र्यात अकरा फोडी निघाल्या आणि उत्तर जुळावे म्हणून तिने एक मुकाट्याने खाऊन टाकली. छेद म्हणजे काय, हे खरे तर तिथेच शिकवता आले असते; फळ्याजवळून मला ते दिसलेच नाही.

सिंगापूरमध्ये शिक्षकाला वर्षाकाठी १०० तासांच्या प्रशिक्षणाची मुभा आहे. आमची ती चर्चा मात्र मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता उरकावी लागली.