कमिट करून ऐनवेळी फिरणारी कॉलेज स्पोर्ट्सची पोरं – यांना शब्दाची काही चाड आहे का?

बे_एरिया_बाप
अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधलं ब्राइस अंडरवूडचं प्रकरण आठवत असेलच. २०२५ च्या बॅचमधला देशातला एक नंबरचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) म्हणत होते त्याला. जानेवारी २०२४ मध्ये लुइझियानाच्या एलएसयू विद्यापीठाला तोंडी हो म्हणाला, दहा महिने तो हो कायम होता, आणि सह्यांचा दिवस (कॉलेजच्या कागदावर पक्की सही करायचा) दोन आठवड्यांवर आला तेव्हा पठ्ठ्या मिशिगनला गेला. तिकडून एक कोटी डॉलरच्या वरचे आकडे पेपरात येत होते तेव्हा. आता दरवर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात हेच बघायचं, टेबलावर चार कॉलेजांच्या टोप्या मांडायच्या, कॅमेरे बोलवायचे आणि ज्याला वर्षभर हो म्हटलं त्याची टोपी सोडून दुसरीच घालायची. ट्रॅव्हिस हंटरने २०२१ मध्ये फ्लोरिडा स्टेटला असंच ऐन सह्यांच्या दिवशी टांगलं होतं आणि जॅक्सन स्टेटला गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. सतराव्या वर्षी माणसाला हो म्हणजे काय ते कळतं. मन बदलू शकतं हे मान्य, मग आधी हो म्हणू नका ना! घाई कोणी केली होती? नुसतं "विचार करतोय" म्हणा. पण जागा अडवून ठेवायची आणि पाठीमागे भाव करत बसायचं याला मी तरी बेइमानीच म्हणतो.

सदाशिव_ते_सिएटल
अहो, शब्दाला जागायचं शिकवणार कोण त्यांना? कोच? निक सेबन डिसेंबर २००६ मध्ये पत्रकारांसमोर सांगतो मी अलाबामाचा कोच होणार नाही, आणि दोन आठवड्यांत अलाबामाचा कोच. ब्रायन केली २०२१ मध्ये नोत्र दामची टीम ११-१ वर (अकरा जिंकले, एक हरले) असताना, प्लेऑफची आशा अजून जिवंत असताना एलएसयूला पळाला. आणि लेन किफिनने तर कळसच केला. नोव्हेंबर २०२५ अखेर, त्याचं कॉलेज ओले मिस ११-१, कॉलेजच्या इतिहासात पहिल्यांदा प्लेऑफ दारात, आणि साहेब एलएसयूला रवाना. तीन दिवसांवर सह्यांचा दिवस होता. ज्या पोरांच्या घरी जाऊन, आईच्या हातचं जेवून "मी तुमच्या मुलाला सांभाळीन" म्हणाला असेल त्यांचं काय? त्यांच्यावर कोणी धागा काढला का?

पोरगा फिरला की संस्कार काढायचे, कोच फिरला की "करिअर मूव्ह". वा!

बे_एरिया_बाप
@सदाशिव_ते_सिएटल, कोच वाईट वागतात म्हणून पोरांना सूट हे लॉजिक मला पटत नाही. शिवाय कोचच्या करारात बायआउट असतो, सोडून गेला तर ठरलेली रक्कम भरावी लागते, ती बहुतेक वेळा नवीन कॉलेज भरतं, पण भरली जाते. पोरगा फिरला तर त्याला दमडीचाही फटका नाही.

सदाशिव_ते_सिएटल
आणि कोचला हाकललं तर? त्याच ब्रायन केलीला एलएसयूने ऑक्टोबर २०२५ मध्ये काढलं तेव्हा देणं निघालं पाच कोटी डॉलरच्या वर. पोराला कॉलेजने ऐनवेळी नको म्हटलं तर त्याला काय मिळतं सांगा बघू. तोंडी कमिटमेंटला कायद्याने दोन्ही बाजूंनी काडीची किंमत नाही, त्यामुळे कॉलेजही फिरतं आणि बिनधास्त फिरतं. जागा वीस-पंचवीस आणि ऑफर शंभराच्या वर वाटायच्या हे तर उघड चालतं. आणि तुमचा अंडरवूड मूळ बेलव्हिलचा, अॅन आर्बरपासून अर्ध्या तासावर. घराजवळच्या कॉलेजात गेला, एवढंच.

बे_एरिया_बाप
घर काय नोव्हेंबरात बांधलं होतं का तिथे? जानेवारीतही ते अर्ध्या तासावरच होतं की.

कायद्याचा_कीस
😄 हे भारी होतं. पण मुद्द्याचं थोडं. आधी "नॅशनल लेटर ऑफ इंटेंट" नावाचा कागद असायचा, १९६४ पासून. त्यावर सही केली की पोरगा अडकला, नंतर दुसरीकडे गेला तर वर्षभर खेळता यायचं नाही. आणि गंमत अशी की कागद कॉलेजच्या नावाने, कोचच्या नाही, म्हणजे ज्याच्यासाठी पोरगा आला तो कोच दुसऱ्या दिवशी गेला तरी पोराने तिथेच बसायचं. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनसीएएने (कॉलेज खेळांची संघटना) तो कागदच बंद केला, आता स्कॉलरशिपच्या करारातच सगळं येतं.

या सगळ्यात मला सगळ्यात शहाणा वाटलेला पोरगा म्हणजे रोकॉन स्मिथ. जॉर्जियातल्या छोट्या गावचा. फेब्रुवारी २०१५, सह्यांचा दिवस, टीव्हीवर यूसीएलए हे कॉलेज जाहीर केलं. तेवढ्यात बातमी आली की त्याला घेणारा तिथला डिफेन्सचा कोच जेफ उलब्रिच अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक टीमकडे जातोय. पोराने कागद पाठवलाच नाही. मग जॉर्जियाला गेला आणि तिथेही ते लेटर सही न करता, फक्त आर्थिक मदतीच्या करारावर गेला. पुढे २०१७ चा बटकस अवॉर्ड (सर्वोत्तम लाइनबॅकरचा, म्हणजे डिफेन्समधल्या खेळाडूचा), २०१८ च्या ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक टीमा खेळाडू निवडतात तिथे) शिकागो बेअर्सने आठव्या नंबरवर उचलला. आता सांगा, टीव्हीवर हो म्हणून फिरला, म्हणून तो बेइमान? माहिती दडवली कोणी होती?

ऑफसाइड_अण्णा
राव तुम्ही लोक कुठल्या जमान्यात आहात. २०२१ पासून एनआयएल आलं, म्हणजे स्वतःच्या नावाचे फोटोचे पैसे खेळाडूला घेता येतात, २०२४ पासून कितीही वेळा कॉलेज बदला आणि लगेच खेळा, आणि जून २०२५ च्या हाऊस सेटलमेंटनंतर (खेळाडूंच्या खटल्यातली तडजोड) कॉलेज स्वतःच थेट पैसे देतंय, २०२५-२६ या पहिल्या वर्षाला एका कॉलेजची मर्यादा होती दोन कोटी पाच लाख डॉलर. हा पगार आहे. पगाराच्या बाजारात निष्ठा मागता? आपल्या हिंजवडीत नोटीस पिरियडमध्ये तीन-तीन ऑफर लेटर खिशात घालून फिरणारे इथेच बसलेत आणि पोरांना नीती शिकवतायत 😂

बे_एरिया_बाप
पगार म्हणता ना, मग पगारासारखं वागा, करार करा आणि पाळा.

ऑफसाइड_अण्णा
मालकांनीही पाळावा मग. जेडन रशाडा बघा. आधी मायामीला हो, नोव्हेंबर २०२२ मध्ये फिरून फ्लोरिडाला, तेव्हाही सगळे असेच ओरडले होते पैशासाठी गेला म्हणून. सुमारे एक कोटी अडतीस लाख डॉलरचा करार ठरला होता, तो फिस्कटला, पैसे आलेच नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये सुटका मागून अॅरिझोना स्टेटला गेला आणि २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या कोचवर आणि पैसेवाल्या समर्थकावर दावा ठोकला. दाव्यात किती खरं किती नाही ते कोर्ट बघेल, पण शब्द फिरवण्याची मक्तेदारी पोरांकडे नाही एवढं तर दिसतंय.

तरणतलावाची_आई
सगळे फुटबॉलच बोलताय. आपल्या घरातली किती मुलं फुटबॉलला जातात? स्विमिंग, टेनिस, फेन्सिंग, गोल्फ. तिथे कोटी सोडाच, हजारांचीही मारामार. पुरुषांच्या स्विमिंगला इतकी वर्षं अख्ख्या टीममध्ये मिळून ९.९ स्कॉलरशिप होत्या, त्या वीस-पंचवीस मुलांत चिरून वाटायच्या.

माझ्या मुलाचं सांगते. बहुतेक खेळांत दहावी संपल्यावरच्या १५ जूनपासून कोचना मुलांशी बोलता येतं, म्हणजे मूल पंधरा-सोळाचं. त्या रात्री बारा वाजून एक मिनिटाने मेसेज सुरू झाले हो! मग व्हिजिट, मग "दोन आठवड्यांत सांग, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो". बे_एरिया_बाप विचारतात घाई कोणी केली होती, तर ती अशी होते. त्याने हो म्हटलं, पाळलं, बाकीच्या कॉलेजांना स्वतः फोन करून नाही सांगितलं. आणि सीनियर वर्षात (बारावीत) त्या कॉलेजचा फोन, सेटलमेंटमुळे टीममधल्या मुलांच्या संख्येवर मर्यादा येतेय, सॉरी, जागा नाही. नाव सांगत नाही, पण असं बऱ्याच घरांत झालं, जजबाईंनी म्हणूनच सेटलमेंट मंजूर करायच्या आधी अशा मुलांसाठी सवलत घालायला लावली. तीसुद्धा कॉलेजला वाटलं तर. आमच्या कॉलेजला वाटलं नाही.

बे_एरिया_बाप
ताई, हे वाईटच झालं, त्यात वाद नाही. पण तुमच्या मुलावर जे बेतलं तेच तर मी सांगतोय! एक पोरगा वर्षभर जागा धरून बसतो, त्यामुळे कोच दुसऱ्या पोराला सांगतो फुल्ल आहे, तो दुसरा बिचारा मिळेल तिथे जातो, आणि मग पहिला फिरतो. कोचला काय, तो पोर्टलमधून (कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) कोणीतरी उचलेल. मार त्या दुसऱ्या पोराला बसतो, आणि त्याचं नाव कधी बातमीत येत नाही. त्याच्याबद्दल कोणी बोलेल का इथे?

तरणतलावाची_आई
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. आमच्या क्लबमध्ये झालंय हे. एका मुलीने मार्चमध्ये मनात ठरवलं होतं जायचं नाही, कोचला सांगितलं ऑगस्टमध्ये, तेही इन्स्टाग्रामवर दुसऱ्या कॉलेजचा फोटो टाकल्यावर. मन बदललं यात मला गैर वाटत नाही. ते पाच महिने गप्प बसली ते गैर. त्या कोचने पुढच्या वर्षी आमच्या क्लबकडे ढुंकून पाहिलं नाही, भोगलं धाकट्या मुलींनी.

सदाशिव_ते_सिएटल
मुलगी गप्प बसली की आईबाप? हे पण विचारा. डेव्हिड सिल्स नावाच्या मुलाने २०१० मध्ये तेराव्या वर्षी यूएससी या कॉलेजला हो म्हटलं होतं, ऑफर देणारा कोच कोण, तर हाच किफिन! २०१३ मध्ये यूएससीने किफिनला काढलं, मुलगा शेवटी वेस्ट व्हर्जिनियात गेला आणि क्वार्टरबॅक सोडून रिसीव्हर (चेंडू झेलणारा) म्हणून चमकला. सातवीतल्या पोराचा हो म्हणजे कोणाचा हो असतो? बापाचाच ना. लॅक्रोसमध्ये (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) हे इतकं वाढलं की २०१७ मध्ये नियम करावा लागला, ज्युनियर वर्षाच्या (अकरावीच्या) १ सप्टेंबरपर्यंत कोचनी संपर्कच करायचा नाही.

ईशान्येचा_वारा
एक वेगळी बाजू. आयव्ही लीगमध्ये स्पोर्ट्स स्कॉलरशिप नसतेच. कोचकडे अॅडमिशन ऑफिसला द्यायला मोजकी नावं असतात. तुमच्या पोराचं नाव त्यात घातलं म्हणजे दुसऱ्याचं काढलं. पोराला अर्ज लवकरच्या फेरीत करावा लागतो, त्याबदल्यात कोच वजन टाकतो. आता आपल्यातलेच काही महाभाग ते वजन वापरून प्रवेश पदरात पाडून घेतात आणि पहिल्याच सेमिस्टरला "अभ्यास झेपत नाही" म्हणून टीम सोडतात. नियमाने काहीच चूक नाही, कॉलेज काढू शकत नाही. फुटबॉलवाला निदान कॅमेऱ्यासमोर फिरतो. या लोकांना काय म्हणायचं बे_एरिया_बाप?

बे_एरिया_बाप
तेच म्हणायचं. आणि जरा जोरात.

ऑफसाइड_अण्णा
चला, एका गोष्टीवर तरी सगळे सहमत. पालकांना बडवा 😂

नवखी_फेन्सिंग_मॉम
मी गेले चार दिवस नुसती वाचतेय. आमच्या लेकीने फेब्रुवारीत एका कॉलेजला तोंडी हो म्हटलंय, ज्या कोचमुळे म्हटलं ती परवा नोकरी सोडून गेली. नवीन कोण येणार पत्ता नाही. दुसऱ्या एका कॉलेजची अजून इच्छा आहे. त्यांच्याशी आता बोललं तर ते पाठीमागे बोलणं होतं का? की आधी पहिल्यांना सोडायचं आणि मग दोन्हीकडून लटकायचं?

तरणतलावाची_आई
आधी पहिल्या कॉलेजला फोन. असिस्टंट कोच असेल, नसेल तर स्पोर्ट्स ऑफिस. सोडतोय म्हणायचं नाही, "कोच गेल्यामुळे आम्ही इतरांशीही बोलणार आहोत" एवढंच सांगायचं आणि त्याच दिवशी दुसरीकडे फोन करायचा. चिडले तर तेही बरंच, आत्ताच कळलं. आणि फोन लेकीला करू दे, तू शेजारी बस हवं तर, पण बोलू नकोस.

बे_एरिया_बाप
याला माझी हरकत नाही. फक्त उशीर करू नका, तिच्या जागेवर कोणीतरी वाट बघत असेल.

कायद्याचा_कीस
आणि फोननंतर दोन ओळींची ईमेल पण टाका. तारखेसकट.