सर्व्हिस रोडवरची राँग साइड: तक्रार नेमकी कशी लिहायची?

वाघबीळची आई
माझी लेक सहावीत आहे. सकाळी ६:५० ची स्कूल बस पकडायला घोडबंदरच्या सर्व्हिस रोडने पाच मिनिटं चालत जाते. परवा राँग साइडने आलेल्या स्कूटरच्या आरशात तिच्या दप्तराचा पट्टा अडकला. पट्टा तुटला म्हणून ती फरफटली नाही. पाण्याची बाटली घरंगळत गटारात गेली, स्कूटरवाल्याने मागे वळूनही बघितलं नाही. चौकीत सांगितलं, तर दोन दिवस साडेनऊला एक हवालदार येऊन उभे राहिले. साडेनऊला माझी मुलगी वर्गात असते! काय लिहून दिलं म्हणजे योग्य वेळेला कोणी येईल?

जुना पॉइंटवाला
ताई, सत्तावीस वर्षं वाहतूक शाखेत काढली, म्हणून सांगतो. "राँग साइडचा फार त्रास आहे" एवढंच लिहिलंत, तर ड्यूटी गर्दीच्या तासालाच लागते. सकाळी माणसं कमी, आणि कोंडी सुरू झाली की तीच पुलाखाली कंटेनर सोडवायला जातात. तीन दिवस सकाळी ६:४० ते ७:१० मोजा. किती गाड्या, कुठल्या कटमधून (दुभाजकातल्या फटीतून) आत शिरतात, कुठल्या दुकानासमोर, सगळं लिहा. अर्जाची पोच घ्या.

आणि बस थांबते तिथे पोलीस मागू नका. तिथे खाकी दिसली की गाडीवाला जागेवरच गाडी वळवतो आणि मुलांच्याच अंगावर येतो. ज्या कटमधून आत शिरतात, त्याच्या तोंडाशी माणूस हवा. आम्ही दोघं असायचो, एक तोंडाशी, दुसरा तीसेक पावलं आत. पहिल्याला चुकवलेला दुसऱ्याच्या हाती लागायचा. पळाला तर पाठलाग नाही, नंबरप्लेटचा फोटो घ्यायचा आणि ई-चलान पाठवायचं. पाठलागात तिसराच माणूस मरतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेळाही बदलत्या हव्यात, नाहीतर आठवड्यात सगळ्यांना पाठ होतात.

कोर्टनाका
अर्जात कलमही घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने उलट दिशेने गाडी चालवणं धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये आलंय. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा ६ महिने ते १ वर्ष कैद, किंवा दोन्ही. गाडी कोण चालवत होतं हे पोलिसांनी विचारलं, तर कलम १३३ प्रमाणे मालकाला सांगावं लागतं. नंबर दिसला असेल तर तोही द्या.

दुचाकी_ठाणे
मी डिलिव्हरी करतो. पुढचा यू-टर्न लांब पडतो म्हणून मीही त्या कटमधून आत शिरलोय. ताई, दप्तराचं वाचून पोटात गोळा आला. उद्यापासून फेरा घालून येईन.

वाघबीळची आई
दादा, मनापासून आभार. नंबरचे शेवटचे दोनच आकडे लेकीला आठवतात, तेही लिहिते. उद्यापासून वही-पेन घेऊन तिच्याबरोबर उतरते. काका, मोजलेलं कागदावर उतरवलं की अर्ज देण्याआधी इथे टाकते. एकदा नजर घालाल का?

जुना पॉइंटवाला
टाका ताई. कटचा साधा नकाशाही काढा, हाताने काढला तरी चालेल.