'नरक', 'पाताळ' की 'सुतल' : बंदिवान बळी नेमका कुठे आहे?

शंका : एका कल्पित कथेत पृथ्वीच्या पोटात अथांग विवर आहे. तिथे जखडून ठेवलेल्या, तरीही मान न तुकवलेल्या एका अतिप्राचीन पुरुषाला दैत्य आपला राजा मानतात. या जागेला 'नरक' म्हणता येईल का?

उत्तर : म्हणू नये. नरक ही पापाची शिक्षा भोगण्याची जागा. तिथे सत्ता यमाची चालते आणि कोणी कोणाला मुजरा करत नाही. दैत्य, दानव आणि नाग यांचे घर पाताळ. भागवताच्या पाचव्या स्कंधात अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताल असे 7 अधोलोक सांगून त्यांना 'बिलस्वर्ग' म्हटले आहे. 28 नरकांची यादी त्याच स्कंधात पुढे वेगळी येते. आठव्या स्कंधात वरुणपाशांनी बांधलेला बळी वामनाला सांगतो की आपल्याला नरकाचे भय नाही, पाशांचेही नाही, भय आहे ते अपकीर्तीचे. आणि तिसऱ्या पावलासाठी स्वतःचे मस्तक पुढे करतो. त्याची रवानगी होते ती सुतलात, म्हणजे विश्वकर्म्याने रचलेल्या आणि स्वर्गातल्यांनीही इच्छा धरावी अशा लोकात, जिथे खुद्द विष्णू गदा घेऊन दाराशी उभा राहतो. त्याला पहारेकरी म्हणावे की द्वारपाल, हे ठरवणे अवघडच आहे, कारण पहारेकरी कैद्यावर असतो आणि द्वारपाल राजाच्या दारी.

पुरवणी : 'सुतल' मात्र बोलण्यात कधीच येत नाही. मराठीत सर्वनाश झाला की माणूस 'रसातळाला' जातो, कावेबाज असला की 'पाताळयंत्री' ठरतो आणि बळीला वामनाने 'पाताळात गाडले' असेच आपण म्हणतो. या सगळ्यांत बोलतो तो वर राहिलेला, जिंकलेला पक्ष. उलट दिवाळीत 'इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो' असे म्हणताना त्याच गाडलेल्या राजाची वाट पाहिली जाते आणि शेतकऱ्याला आपण 'बळीराजा' म्हणतो. जोतीराव फुले यांनी 1873 च्या 'गुलामगिरी'त हीच बाजू उचलून बळीला न्यायी राजा ठरवले. ('बळी तो कान पिळी' या म्हणीतला बळी अर्थातच हा नव्हे, तो नुसता बलवान.)

प्रत्युत्तर : एक फरक लक्षात ठेवावा. बळीने अवज्ञा केली ती वामनाची नव्हे, तर दान देऊ नकोस असे बजावणाऱ्या शुक्राचार्यांची, आणि त्याबद्दल गुरूचा शापही घेतला. त्यामुळे बांधणाऱ्याशीच अखेरपर्यंत झुंजणाऱ्या पात्राला 'बळीसारखा' म्हणणे अर्धेच बरोबर ठरेल. जागेसाठी 'पाताळ' घ्यावे, त्या पुरुषासाठी 'कैदी'ऐवजी 'बंदिवान' लिहावे, आणि 'रसातळ' फक्त अधोगती सांगायची असेल तिथेच वापरावे.