चौदा वर्षांच्या फुटबॉलपटूची जांघ पुन्हा पुन्हा का दुखते?

प्रश्न (एक पालक, कोल्हापूर):
माझा मुलगा चौदा वर्षांचा असून शाळेच्या आणि आमच्या पेठेतील तालमीच्या अशा दोन्ही संघांतून खेळतो. गेल्या मोसमात त्याची उजवी जांघ दुखू लागली. तीन आठवड्यांच्या विश्रांतीने दुखणे थांबले, पण सराव सुरू होताच ते उलटले. वर्षभरात त्याची उंचीही झपाट्याने वाढली आहे. हे दुखणे कोणत्या मुलांना अधिक होते आणि विश्रांतीनंतरही ते का परतते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (फिजिओथेरपिस्ट):
जांघेची आधीची दुखापत हाच सर्वांत ठळक धोका आहे. त्याखालोखाल मांडीच्या आतील बाजूच्या, म्हणजे पाय शरीराकडे ओढणाऱ्या स्नायूंची कमजोरी येते. चेंडूला किक मारताना आणि धावता धावता एकदम दिशा बदलताना याच स्नायूंवर मोठा ताण पडतो. विश्रांतीने वेदना शमते, पण कमी झालेली ताकद भरून येत नाही, उलट आणखी घटते. म्हणून खेळाडू जुन्याच वेगाने मैदानात उतरला की दुखणे परतते. नॉर्वेतील पुरुष संघांवरील २०१९ सालच्या अभ्यासात ‘कोपनहेगन’ व्यायाम करणाऱ्या संघांमध्ये जांघेच्या तक्रारींचा धोका ४१ टक्के कमी आढळला. यात कुशीवर आडवे होऊन वरचा पाय जोडीदाराच्या हाती द्यायचा आणि त्याच पायाच्या जोरावर कंबर उचलायची असते. मात्र ते खेळाडू प्रौढ होते. आपल्या मुलाने आधी गुडघ्यांमध्ये चेंडू दाबण्यापासून सुरुवात करावी, आणि तीही तपासणी झाल्यानंतरच.

प्रतिसाद २ (शालेय संघाचा प्रशिक्षक):
दोन संघ म्हणजे दोन प्रशिक्षक, आणि मुलाचा आठवडाभराचा एकूण खेळ किती झाला याचा हिशेब दोघांपैकी कोणाकडेच नसतो, ही बाब मला फार खटकते. सुटीनंतर पहिल्याच आठवड्यात पूर्ण सराव आणि लगोलग सामने, असे कृपया होऊ देऊ नका. सामने व सरावाची वेळ वहीत लिहून दोघांनाही दाखवा.

प्रतिसाद ३ (अस्थिरोगतज्ज्ञ):
वाढत्या वयात हा त्रास स्नायूचाच आहे, असे तपासणीविना धरून चालू नये. या वयात स्नायू जिथे हाडाला जोडलेला असतो तिथला वाढीचा कूर्चायुक्त भाग स्नायूपेक्षा नाजूक असतो आणि जोरदार किक मारताना कंबरेच्या हाडाचा तुकडा तिथून सुटू शकतो. अशा वेळी मुलाला एकाएकी तीव्र कळ येते. याहून गंभीर म्हणजे मांडीच्या हाडाचा गोल माथा वाढीच्या रेषेवरून सरकणे. त्यात मूल लंगडते, पाऊल बाहेर वळते आणि कधी कधी वेदना फक्त गुडघ्यातच जाणवते. अशी शंका आल्यास मुलाला चालू न देता त्याच दिवशी क्ष-किरण तपासणी करावी. अंडकोषात अचानक तीव्र वेदना झाल्यास तर काही तासही थांबू नये.

धागाकर्ता:
आपणा सर्वांचे मनापासून आभार. तो लंगडत नाही, परंतु परवा किक मारताना त्याला एकाएकी कळ आली होती आणि मी ती साधी लचक समजलो. उद्या सकाळीच तपासणीला नेतो. रविवारचा सामना तो खेळणार नाही, हे तालमीत आताच कळवले आहे.